बिनकानाचे चष्मेवाले

नाय नाय काका, सरळ काढा ना फोटो – चित्र इथं शटरवर आहे अन् तुम्ही त्याला पाठ करून समोरच्या साडीवाल्याच्या काचेत काय शोधताय? प्रतिबिंब? बरं. पैठणी नेसलेल्या पुतळ्यांच्या मधोमध आमचे अब्बा – आवडेल त्यांना. व्हय, अब्बाच ते. चांदपाशा चष्मेवाले, औरंगपुऱ्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या नाकावर यांचीच फ्रेम. अन् चित्र मी काढलंय – फरहान, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला, म्हणजे घरच्यांच्या भाषेत वाया गेलेला. नशीब तुमचं, आज शुक्रवार – अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेलेत म्हणून शटर खाली. नाहीतर दिवसभर चित्र वर गुंडाळलेलं. दुकान उघडलं की कला बंद!

कान? दिसलं तुम्हाला? शाब्बास, कॅमेरा महागाचा आहे म्हणायचा. मुद्दामच नाय काढले. कॉलेज सोडतो, भिंती रंगवतो, हे वर्षभर सांगत होतो त्यांना – अन् ते? ‘हां हां, पहले डिग्री ले ले.’ तुमची पिढीच तशी, राग मानू नका – मानायचा तर माना – तोंड सगळ्यांना, कान कुणालाच नाहीत. म्हणून शटरभर बाप काढला, चष्मा लावलेला, बिनकानाचा. म्हटलं चिडतील, चार शिव्या घालतील, निदान विषय तरी निघंल. तर काय? आपला चष्मा वर-खाली करत बघत राहिले अन् म्हणाले, “कान भूल गया क्या रे? काडी किसपे टिकेंगी? चष्मा गिर जाएंगा ना!” संपलं. एवढ्या मेहनतीनं केलेला अपमान, त्याचं पार फिटिंग करून टाकलं! वर गिऱ्हाइकांना सांगतात – पोराचं काम आहे, थोडं राहिलंय. नमाजनंतर दुकानही लगेच उघडत नाहीत, तुमच्यासारखे फोटोवाले येतात म्हणून. उन्हात समोर उभे राहतात. मला बोलले नाय कधी – चहावाल्याकडून कळलं.

हा डबा? रंग आहे. सकाळी म्हणाले, आज तेवढे कान काढून ठेव. काढले तर ते जिंकले. नाय काढले तर – तर जन्मभर लोकांना सांगत बसतील, पोरगा विसरला. मी विसरलो नाय हो! काय? तुम्ही सांगता त्यांना, मुद्दाम केलंय म्हणून? खबरदार! नक्को. बीपी आहे त्यांना. म्हणजे – माझं काय जातंय. पण नक्को.

धरा जरा डबा. डावा काढतो – एकच. एका कानावर चष्मा तिरका बसतो, अन् तिरका चष्मा त्यांना एक मिनिट सहन होत नाय – विचारतील, दुसरा का नाय काढला. विचारतीलच. मग सांगतो. ऐकलं तर उजवा.

नाय काका, आता फोटो नाय. सरका, तुमची सावली पडतीय. डबा ठेवा खाली अन् निघा.