पन्नीतला आकाशदिवा

यज्ञेश्वर : ...परवाच्या ग्रहणात पोरांना छतावर नेऊन सूर्य दाखवलास, तेव्हा मी गप्प बसलो. पण उद्यापासून तुझी ट्यूशन या अंगणात नाही. पंचगंगा घाटावर सगळ्यांचे आकाशदिवे जळताहेत आणि आपला बांबूवर चढतो न चढतो तोच गुल. तुझ्या गेलेल्या आईच्या नावाचा दिवा होता तो, बकुळ.

बकुळ : माहीत आहे, बाबा. मलाही वाईट वाटलं. पण पोरांनी मुद्दाम नाही केलं.

यज्ञेश्वर : मग दिव्याच्या टोकरीला ती प्लास्टिकची पन्नी कोणी गुंडाळली? वरून-खालून सुतळीने करकचून, जसं काही पार्सल पुण्याला धाडायचंय.

हिमानी : मी, आजोबा. कल हवा बहुत थी ना, दोनदा दिवा विझला. तुम्ही जेवलाही नाहीत. दीदींनी शिकवलं होतं, हवेने ज्योत विझते. म्हटलं, हवाच बंद करून टाकू.

यज्ञेश्वर : घ्या. हे शिकवतेस?

बकुळ : अर्धंच शिकवलं, चूक माझीच. हिने तेव्हाच विचारलं होतं, मग फुंकल्यावर चूल कशी पेटते? मी म्हटलं, आधी कोर्स संपू दे. अगं, झोताने ज्योत विझते, पण हवा मिळाली नाही तर ती जळतच नाही. टोकरीच्या भोकांतून खालून ताजी हवा येते, वरून गरम निघून जाते. तू सगळीच भोकं बुजवलीस.

यज्ञेश्वर : म्हणजे टोकरी विणणाऱ्याला तुझ्याहून जास्त कळतं.

बकुळ : कळतं खरं.

हिमानी : दीदी, पन्नी नुसती वाऱ्याच्या बाजूला बांधली तर?

बकुळ : ज्योतीपासून लांब, वर-खाली मोकळं ठेवून. बांधून बघ.

(थोड्या वेळाने, दिवा पुन्हा वर चढवल्यावर.)

हिमानी : जल रहा है, आजोबा. हलतोय, पण विझत नाहीये.

यज्ञेश्वर : दिसतंय मला. शहाणी आहेस. जा आता, घरी वाट बघत असतील.

बकुळ : बाबा, मग उद्या पोरांना काय सांगू?

यज्ञेश्वर : चारला या म्हणावं. मीही बसेन. तुझी आई, इंदू, दर कार्तिकात मला विचारायची, दिव्यातलं तेल जळून जातं कुठे? मी म्हणायचो, देवाकडे, तू भाजी बघ. खरं तर मलाच येत नव्हतं गं.

बकुळ : आत्ता सांगू?

यज्ञेश्वर : नको, उद्या. सगळ्यांबरोबर, सावकाश सांग. मला ते पुढे तिला सांगायचंय.