बंकटच्या सायकलीचा गंज

"...सायकल असल त्यालाच संस्था कामाला ठेवणार, सकाळ-संध्याकाळचं दूध..." एवढंच आलं बघा कानावर! पुढचं टँकरच्या भोंग्यानं गिळलं. बोलत व्हती बायनाबाई. ती दूध संस्थेत झाडलोट करती, म्हंजी बातमी पक्की. पण मी हंडा घेऊन पुढं सरकंस्तोर ती गेली बी! आता मला काय करायचंय दुसऱ्याच्या भानगडीत? पण तुमाला सांगते, शेजारच्या मनकर्णाच्या दारात मुकादम दोनदा येऊन गेलता. दसरा झाला की तिनं न् तिच्या नवऱ्यानं, बंकटनं, ऊसतोडीला जायचं. लेक दहावीला, तिला ठेवायचं कुणापाशी? आन गोठ्यात सायकल उभी! मग गप बसवंल का मला?

सांगितलं. बंकटनं सायकल बाहेर वढली. अगं बाई! ती सायकल न्हवती, सायकलीच्या आकाराचा गंज व्हता! दोन्ही चाकांच्या रिंगा तांबड्यालाल. चार साल शेळी तिलाच बांधलेली. आभाळातनं थेंब न्हाई, पर शेळीचा नेम काय चुकला न्हाई!

मला काय करायचंय? पण चिंच माझीच व्हती. तांब्याची घागर चिंचंनं लख्ख होती, मग रिंगंनं काय घोडं मारलंय? चिंच कोळली, मीठ घातलं, रिंगंला थापलं, तासाभरानं काथ्यानं घासायला बसलो. एका चाकाला मनकर्णा, एका चाकाला मी... अशी चमकली, अशी चमकली की बंकट तिच्यात मिशा बघाया लागला! म्हणलं, आता धू. तर मनकर्णा करवादली, "मावशी, टँकर चार दिसांनी, प्यायला दोन हंडे, आन लोखंडाला आंघोळ कावून?" पटलं मला. नुसतं फडक्यानं पुसलं. सकाळी बघते तर... पुन्हा तांबडी! चिंचंचा आंबटपणा तसाच अंगाला ऱ्हायला, बसला रातभर लोखंड खात.

मनकर्णा म्हणली, "जाऊ द्या मावशी. कोयता पाजवून घेते."

आता मला काय करायचंय? पण पाणी माझ्या हंड्यातलं काढलं! पुन्हा चिंच, पुन्हा घासणं, मग दोन तांबे पाणी, त्यात भज्याचा सोडा, आन लगोलग उन्हात. मी मेण चोळाया मेणबत्ती आणायला गेले, तेवढ्यात बंकटचा शाणपणा! आख्ख्या रिंगंला करडीचं तेल चोपडलं न् निघाला ऐटीत संस्थेला. सेक्रेटरी सुंदरराव दारातच उभे. बंकट ब्रेक दाबतोय, दाबतोय... सायकल त्यांच्या पुढनं, राम राम बी न करता, थेट लिंबाच्या झाडात!

"बंकट, दूध संस्थेत घालायचंय का लिंबाला?"

तेल पुसलं. ब्रेकचं रबर घासतं तेवढी जागा कोरडी ठेवली, बाकी समद्या रिंगंला मेण. आन सायकल शेळीपासून लांब. लांब म्हंजी कुठं? माझ्या ओसरीत!

सोमवारी सुंदररावांनी सांगितलं, "सायकल बरी हाय, माणूस बी बरा. पण दूध गोळा करायचं काम सकाळचंच. वैरण न्हाई, म्हशी एकाच वक्ताला दूध देत्यात. संध्याकाळचं आणू कुठनं?"

म्हंजी पगार बी अर्धाच! मनकर्णा मुकादमाला म्हणली, "मग मी एकली येते तोडीला." मुकादम हसला, "बाई, नवरा-बायको मिळून एक कोयता! अर्धा कोयता कारखान्यावर नेऊन मी काय करू?" आन गेला की निघून! मनकर्णा म्हणली, "मग ऱ्हाते. रोजगार हमीवर खडी फोडीन, पर लेकीपाशी ऱ्हाईन." पोरीनं तर लगेच पुस्तकांना कव्हरं घातली!

लई ब्येस झालं बघा. फक्त एवढंच, की रोज पाटं पाचाला बंकट माझ्या ओसरीतनं सायकल काढतो, घंटी वाजती का बघतो, वर इचारतो, "मावशी, निजला व्हताव का?"... मी म्हणते, बातमी अर्धीच खरी निघायची व्हती, तर संध्याकाळची अर्धी निघाली असती तर काय बिघडलं असतं?