मागची गादी

माझी गाडी सर्व्हिसिंगला होती. शोरूमच्या बाकावर वाट बघत बसलो होतो. समोर साठीचं एक जोडपं सेल्समनला घेऊन मोटारसायकलभोवती घिरट्या घालत होतं.

“दोन पेट्या बाजूला, एक मागे. महिनाभर फिरायचंय आम्हाला.”

“आणि मी बसू कुठे? पेटीत?”

“अगं, तुझ्यासाठीच तर मागच्या पेटीला गादी लावून घेतोय. पाठ टेकायची नि खुशाल झोप काढायची. गाडी माझ्यावर सोड.”

“काका, बसून बघा ना.”

“हा बसलो. ऐटबाज आहे हो!”

“काका, टाचा टेकत नाहीयेत. पेट्या भरल्या की गाडी कलंडेल.”

“टेकतायत की! जरा... बोटं टेकतायत.”

“लग्नाच्या फोटोत पायाखाली वीट घेतली होतीत, ती आणू का घरून?”

“तू गप्प बस गं!”

“उतरा, मी बघते.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काकू, तुमच्या टाचा मस्त टेकल्या! चालवता येते?”

“माहेरी वडिलांची चालवायचे. ह्यांनी कधी विचारलंच नाही.”

“बरं, झाली हौस. उतर आता.”

“उतरू कशाला? बसा मागे. गादी आहेच, खुशाल झोप काढा.”