वरल्या आळीतले दिवे

लिवा मास्तर, पर मी सांगन तसंच लिवा, नीटनेटकं करू नका, कारन मलाच ते नीट लागत न्हाई. मी धोंडाबाई. माजं माहेर तिकडं खंडाळ्याच्या अंगाला, नदीकडंला, आनि बानं मला दिली कुठं तर ह्या मानदेसात. बाला कुनी सांगितलं, पोरगा उंचापुरा हाय, घरची मेंढरं हायती. बाला मेंढरं दिसली, हितं प्यायला पानी न्हाई ते काय दिसलं न्हाई. मी म्हनलं बी न्हाई काय, आमाला कोन इचारतंय, अकरा-बारा वर्साची पोर मी, काखंत बोचकं घिऊन आले.

तर ही आमची वरली आळी. गाव खाली वड्याच्या काठाला, आनि आमची भावकी तेवढी वर टेकाडावर, धा-बारा घरं, दारासमोर दार. आता तुमी बसलाय ह्या वट्यावरनं काय दिसतंय? कुलपं दिसत्यात, आनि दारात उगावलेलं गवात दिसतंय. पर मी लगीन करून आले तवा हितं काय गलका हुता म्हनून सांगू तुमाला. एकीच्या तव्यावर भाकरी करपली का दुसरी तिच्या घरातनं वरडायची, आगं उलट की ती, झोपलीस का. भांडनं तर रोजची. मला बी भांडाय लय आवडायचं, खोटं कशाला सांगू. आता भांडाय सुद्दा कोन न्हाई.

मग पावसानं वढ दिली, मेंढरं गेली, आनि एक गडी मुंबैला गिरनीत लागला. त्येनं भावाला बलावलं, भावानं मेव्हन्याला. आदी गडी गेलं नि बाया ऱ्हायल्या, मग बाया बी गेल्या. दोन घरं तिकडं इस्लामपूरकडं गुऱ्हाळावर गेली ती तिकडंच ऱ्हायली. खालचं गाव हाय तसंच हाय बगा, वर तेवढं रिकामं झालं. असं का झालं? एका दाराला कुलूप लागलं का शेजारनीचं मन लागत न्हाई, मग ती जाती, मग तिची शेजारीन जाती. मला तरी असंच वाटतं, तुमी शिकल्यालं, तुमाला दुसरं काय ठावं असल.

आनि आमच्यात घर बंद करून चाललो असं म्हनायचं न्हाई, घर झाकून चाललो म्हनायचं. ही दारापासची देवळी बगा, भिताडातला कोनाडा, हिच्यात सांजचा दिवा लागला पायजे. न्हाई लागला तर ते घर बुडालं म्हनत्यात, त्या घरात कोन उरलं न्हाई म्हनत्यात. म्हनून जी ती जातान माज्या हातात तेलाची बाटली द्यायची आनि डोळ्याला पदर लावायची, धोंडा, तेवढी दिवाबत्ती कर गं. मी म्हनायची, करीन की, त्यात काय. एकीला म्हनलं, दुसरीला म्हनलं, असं करत समद्या आळीची दिवाबत्ती माज्याच गळ्यात आली. सांज झाली का मी एका टोकापास्नं निगायची, हातात बुधली, वाती पदरात, आनि शेवटच्या दारापर्यंत जायची. खालची मानसं म्हनायची, धोंडाबाई, खालनं बगितलं का वाटतंय वरली आळी अजून भरल्याली हाय.

मालक पलटनीत गेलं ते ह्याच गडबडीत. लढाई लागली हुती, दहिवडीला भरती निगाली, ह्यांची छाती मोजली नि घितलं. मी म्हनलं, आवं, घरात मी एकली. तर म्हनलं, एकली कशी, आळी हाय की. तवा निम्मी हुती अजून, आमच्या समोर चुलत दीर आनि जाऊ बायजा हुती, कडंला सखातात्या हुता. तर मालक गेलं. बुटं घातल्यालं एकदा रजेवर आलं, हितं वट्याखाली बुटं काढली, पाय बगितलं तर नुसतं फोड. मी तेल चोळलं. ते शेवटचं.

मग काय आलंच न्हाई. लढाई सपली, लोकांचं गडी आलं, काळं पडल्यालं, हिंदी बोलत आलं. आमचं आलं न्हाई. एक कागद आला, पाटलानं वाचला, म्हनला बेपत्ता. मी म्हनलं, म्हंजी काय? तर म्हनला, गावत न्हाईत. मी म्हनलं, ते कळलं, पर हायत का न्हाईत? पाटील म्हनला, तसं त्यात लिवल्यालं न्हाई. आता सांगा मास्तर, मानूस एक तर असतं, न्हाईतर नसतं. हे तिसरं काय काडलं सरकारनं? सासरच्या एका म्हातारीनं सांगितलं कुकू पूस, दुसरीनं सांगितलं पुसलंस तर बग. मी सकाळी लावते, आनि दिसभर मला वाटतं हे बरोबर हाय का न्हाई.

त्यातच एका पावसाळ्यात माज्या घराची मागची भित बसली. बायजा आनि दीर तवा मुंबैला जायाला निगालीच हुती, म्हनली, आमच्या घरात ऱ्हा, घर बी जागतं ऱ्हाईल नि तुला बी आसरा. मी ऱ्हायले समोर. आनि आता हे नीट ऐका, हितंच माजं डोस्कं फिरतंय. तेलाची लय वढातान हुती, रॉकेल तर रेशनवर, ते बी मिळालं तर मिळालं. करडईचं तेल थेंबथेंब वतायची मी. तवा लोकांच्या देवळीत दिवा लावला, कारन लोकांना शबूद दिल्याला. माज्या पडक्या घरात न्हाई लावला. माजं घर ते माजंच, तिथं कुनाला शबूद दिला हुता मी? चुकलं म्हनत न्हाई मी. त्या वक्ताला कुनी बी आसंच केलं असतं.

तर एकदा खालच्या गावात लोहाराच्या सुनंचं पोट दुकाय लागलं, मला बलावनं आलं, कारन बाळंतपनाला माजा हात चांगला. मी सांजची दिवाबत्ती उरकली, समद्या देवळ्या लावल्या, आनि गेले. उजाडता परत आले. तर सखातात्या वट्यावर बसल्याला, माजीच वाट बगत. आळीत मी आनि तो, दोगंच उरलो हुतो, आनि त्येला दिसायचं कमी. म्हनला, धोंडे, राती कोन तरी आल्तं. दिवं लागल्यावर. उंच मानूस, अंगात खाकी कोट. बायजाच्या दाराला हाक मारली, कोन हाय का म्हनला. मग फुडच्या दाराला, मग त्येच्या फुडच्या. कुनी ओ देईना. देनार कोन, आत कोन हाय? मग तुज्या पडक्या घराम्होरं जाऊन उबा ऱ्हायला, बराच येळ. वाकला. पायातलं काडलं का न्हाई ते काय मला दिसलं न्हाई. मग गेला.

मी म्हनलं, आरं तात्या, मग तू का न्हाई बोललास? तर म्हनला, मी ताप घिऊन पडल्यालो, मला वाटलं रेशनचा सायब असल, मोजायला आला असल घरं. मी त्येला लय शिव्या दिल्या.

आता तुमी इचार करा. समजा ते मालकच हुतं. खालनं वर चडताना त्यांनी काय बगितलं? समद्या घरात दिवं. त्यांना वाटलं असल समदी भावकी हाय. आनि आपल्याच घरात तेवढा अंधार, भित पडल्याली. मग हाका मारल्या, तर दिवा असून कुनी भाईर येईना. आमच्यात असंच असतंय मास्तर, वाईट सांगायचं असलं का कोन दार उगडत न्हाई, ज्यो त्यो म्हनतो दुसरा सांगंल. मग त्यांना काय वाटल? आपली बायकू गेली, आनि ते सांगाय कुनीच तोंड दावत न्हाई. म्हनून उंबऱ्याला हात लावला आनि गेलं. असं मला वाटतं.

पर लगीच दुसरं वाटतं. खाकी कोट आता कुनाच्या बी अंगात असतोय, लढाई सपल्यावर बाजारात कोट इकायला आलं, आमचा लोहार बी घालतो. फाट्यावर मोटारीच्या वक्ताला मी इचारलं, तर पानीवाला म्हनला, व्हय, एक उंच गडी हुता, पर लंगडत हुता. मालक लंगडत नव्हतं. पर लढाईत लागलं बी असल. चार दिसांनी परत इचारलं तर म्हनला, लंगडत हुता ते दुसरंच मानूस, आदल्या बाजाराचं. तात्याला इचारलं तर तात्या म्हनला, त्यो दिस तोच हुता का आदला मला आता सांगता येत न्हाई. मग तात्या बी वारला, गेल्या हिवाळ्यात. आता मी इचारू कुनाला?

मला एकच सुदरलं ते मी केलं. माती कालवली, दगूड वाहिलं, खालच्या दोन बाया मदतीला आल्या, माजी भित उबी केली. वाकडी हाय, बगा, पर उबी हाय. आनि माज्या घरात ऱ्हायला आले. आनि बाकीचं दिवं इजवलं. समदं. शबूद मोडला म्हना, काय बी म्हना. ज्या घरात मानूस न्हाई तिथं अंधार असू दे, ज्या घरात मी हाय तिथं दिवा, म्हंजी खालनं येनाऱ्याला कळल.

जत्रंला मुंबैवाली आली, बायजानं आळीभर आरडावरडा केला. आमचं घर बुडवलंस, पोरीची सोयरीक मोडली तर तुज्या माथी. मी म्हनलं, तू ऱ्हा की हितं चार म्हयनं, तूच लाव. ती रडाय लागली. मग मी बी रडाय लागले, कारन तिचं बी काय चुकत न्हाई. दोगी गळ्यात पडून रडलो. मग तिनं माज्या हातची भाकरी खाल्ली आनि परत म्हनली, पर दिवा लाव गं.

आता दीर म्हनतोय, दिवाळी झाली का तुला मुंबैला न्यायला येतो, एकली बाई, टेकाडावर, कुठं पडलीस बिडलीस तर कळायचं बी न्हाई. खरं हाय त्येचं. माजं गुडघं बी दुखत्यात. कदी वाटतं जावं, तिथं बायजा हाय, भांडाय मिळल. कदी वाटतं मी गेले आनि त्यांनी परत एकदा येऊन बगितलं तर? समदी जातान मला सांगून गेली, धोंडा दिवाबत्ती कर. मी जातान कुनाला सांगू मास्तर? वर कोन हाय? खालच्या गावातनं रोज सांजचं कोन चडून यील माज्या दिव्यासाठी? ह्येचं उत्तर मला सापडत न्हाई, तुमाला सापडलं तर लिवा, मला वाचून दावा.

जावा आता, उतारावर खडं लय हायत, बेतानं जावा. देव तुमाला आवुक्ष देवो, तुमच्या घरी मानसांचा गलका ऱ्हावो. आनि वाटंत कुनी उंच गडी भेटला, लंगडनारा का न लंगडनारा, वरली आळी कंची म्हनून इचारत असल, तर त्येला म्हनावं एकच दिवा दिसल, तिथंच हाक मार, ती बाई ओ देती.