उंबऱ्याच्या बाहेरच थांब!

अगं अगं, तिथंच थांब! पाऊल आत नको टाकूस — तू ये, तुला कोण नको म्हणतंय, ते मडकं नको. काढ्याचं मडकं कुणी असं परत आणून देतं का? तुमच्या माहेरी हारबिनकडे देत असतील, आमच्या गल्लीत नाही. ज्याच्याकडून आणलं त्याला नेऊन दिलं की त्याच्या घरात दुखणं नेऊन दिल्यासारखं होतं. ज्याचं असेल तो लागेल तेव्हा स्वतः येऊन मागून नेतो. रडवेली नको होऊस गं यालान, तुला कुणी सांगितलंच नाही, त्यात तुझा काय दोष? आधी हे सांग, पाळी आली? आली ना! मी म्हटलंच होतं. आणि ते छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, ऊठसूट उसासे टाकायचीस, ते? — बघ, हसलीस. श्याओयाओ सानचा काढा आहे तो, नावातच निश्चिंत हिंडणं आहे. वैद्यबुवांनी सांगितलं तसं पुदिना शेवटीच टाकलास ना? आधी टाकला तर त्याचा वासच उडून जातो. पाच मिनिटं उरली की टाकायचा. मला कुणी शिकवलं माहितेय? तुझ्या सासूनं.

हो, तुझ्याच सासूनं, ग्वेश्यांगनं. डोळे काय फाडतेस? अठरा वर्षांपूर्वी माझे दिवस तीन तीन महिने चुकायचे, नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, मी भिंतीशी बोलायची. तेव्हा ती हे मडकं घेऊन आली. सात दिवस माझ्या शेगडीपुढं बसून पंख्यानं वारा घालत होती, मधेमधे मला शिव्या घालत होती, म्हणायची, "थान बाई, मेलीस तर माझ्याशी भांडणार कोण?" — हो गं, मडकं तिचंच. मग आमचं बोलणं कशावरून थांबलं? चोथ्यावरून. काढ्याचा चोथा चव्हाट्यावर टाकायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं. तो नेमका तिच्या दारात सापडला, सकाळी तिचा पाय पडला आणि त्याच आठवड्यात ती तापानं आडवी झाली. ती म्हणाली, तूच टाकलास. मी म्हटलं, झाडूवालीनं लोटला असेल. झाडूवालीनं कसला — मीच टाकला होता! थंडी मरणाची, पायात सपाता, चव्हाटा लांब... अंधारात तिचं दार म्हणून थोडंच टाकला? पण कबूल केलं नाही. आजवर कुणापाशी बोलले नव्हते. तुझ्यापाशी कसं गं निघालं?

तेव्हापासून मी गुआनयिन मातेला नवस बोलले आहे — ग्वेश्यांग माझा उंबरा ओलांडेल त्या दिवशी कमळकाकडीचं सूप खाईन, तोवर नाही. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी उपास तर आहेच. मडकं मी परत कसं करणार? रीतच नाही. आणि तिला लागलं असतं तरी ती मागायला आली नसती, हट्टी आहे. अशी अठरा वर्षं गेली. आणि गेल्या महिन्यात तू दारात, "मावशी, काढ्याचं मडकं आहे का?" मी आत जाऊन देव्हाऱ्यापुढं हसले बघ! म्हटलं, ज्या घरचं त्याच घरचं माणूस मागायला आलं, माता, तू तर वाटच काढलीस! आणि तू परत घेऊन येतेस? म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात?

तू कामाला जातेस त्या दुकानाच्या मागच्या चुलीवर सासूपासून लपूनछपून काढा उकळलास ना? आता पुरे. घरी ने, तिच्या शेगडीवर तिच्या डोळ्यांसमोर ठेव. ओरडेल? ओरडू दे. जी माझ्यासाठी सात दिवस वारा घालत बसली, ती सुनेला टाकेल का? बोलते तिखट, पण मन तसं नाही गं. नातू नातू करते ना, तिला सांग, आधी सून धड हवी.

चोथ्याचं मात्र सांगू नकोस हं. — किंवा सांग. नको, नको, ते मलाच सांगायला हवं, मीच सांगेन.

बरं, ते झाकण काढून माझ्या हातात दे. दे गं! मडकं परत आणायचं नसतं, झाकणाचं कुणी काही सांगितलेलं नाही. घरी गेलीस की ती पहिलं विचारेल, झाकण कुठंय? सांग, थान मावशीनं ठेवून घेतलंय, हवं तर स्वतः येऊन ने म्हणाली. उघडंच घेऊन जा. जा, पळ — मला कमळकाकडी चिरायचीय.