परहेजाचा आलूबोंडा

अकोटच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा आता कुठं ऐकू येतो! आम्ही तिथं कामाला होतो तेव्हा तो वाजला, की मी आणि सत्तारभाई थेट आलूबोंड्याच्या गाडीवर जायचो.

यंदा अमरावतीच्या डॉक्टरनं सत्तारभाईला सांगितलं, लिव्हरवर चरबी आली आहे. तळलेलं बंद करा, रोज सकाळी चाला, नाहीतर पुढं जड जाईल. भाभी फार घाबरली. घरातलं तेल तर तिनं कमी केलंच, पण त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही फिकी भाजी खाऊ लागली. सत्तारभाई रोज चालायला जाऊ लागला.

एकदा मीही सोबत गेलो. त्याचे पाय बरोबर त्याच गाडीपाशी थांबले.

"काहून गा, डॉक्टरनं नाही म्हटलं ना तुले?"

"चालाले सांगतलं, तं चालून राहिलो ना! चालल्यावर भूक लागनच." मग गाडीवाल्याला म्हणाला, "तर्री कमी टाक बाप्पा, मले परहेज हाये."

मागं भाभी उभी होती. तो घरी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला आली होती. बोंडा त्याच्या तोंडाशीच राहिला. तिनं बाटली प्लेटशेजारी ठेवली आणि घराकडं निघून गेली.