चार बोटं उंच

माझं माहेर दिवेआगरच्या अलीकडं, बापूस दुसऱ्यांच्या वाडीत माडांना पानी लावायचा, आनि मी न्हानपनी डोक्यावर घमेलं घेतलं ते अजून काय उतरलं न्हाय. लगीन झालं तेबी गवंड्याशीच. ते भिंत चढवायचे, मी माल वाहायची. काय सांगू ताई तुम्हाला, इथं पाहुन्यांसाठी एवढी घरं झाली, त्यातल्या किती ओट्यांचं काँक्रीट माझ्या डोक्यावरनं गेलं, आनि घरी आले की माझी शेगडी आपली जमिनीवर.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हनला मावशी खाली बसायचं बंद, उभ्यानं रांधा. मी म्हनलं कशावर रांधू, तुझ्या टेबलावर? मिस्त्री, म्हंजे आमचे हे, मी त्यांना मिस्त्रीच म्हनते, ते माझ्यासंगट आलेले. दुसऱ्या दिवशी चिरे आनले.

ओट्याचं माप बाईच्या कोपरावरनं घेतात, कोपराच्या खाली अर्धी वीत. म्हनले ताठ उभी ऱ्हा. ऱ्हायले. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खून केली. रेती खाडीची, म्हनून तीनदा गोड्या पान्यात धुतली, खार राहिला तर आतली सळई गंजते. माल मीच कालवला, गुडघे बोंबलत होते तरी. गोनपाट टाकून दहा दिवस पानी मारलं, पानी मारलं, पोरासारखा जपला ओटा.

ओट्याखाली टेकू दिलेल्या फळ्या काढल्या, शेगडी ठेवली, वर टोप ठेवला, तर आतलं कालवन दिसंना मला. चार बोटं उंच. मिस्त्रींनी टेप लावली, माप खुनंबरोबर. आयुष्यात ओटा चुकला न्हवता त्यांचा. म्हनले फोडतो, घन उचलला, आनि माझ्याकडं बघत ऱ्हायले, मग घन खाली ठेवला.

“अगं, मापाला तू घमेलं डोक्यावर असल्यासारखी उभी राहिलीस.”

व्हय ताई. ताठ म्हनलं की मला तसंच उभं ऱ्हाता येतं, मान गच्च, पाठ सरळ. एरवी मी ही अशी, वाकलेली, बघताय न्हवं. मला मेलीला ठाऊकच न्हवतं. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

फोडू न्हाय दिला. त्याच फळ्यांचा पाट ठोकून दिलाय त्यांनी, त्यावर चढते नि रांधते. पन आता दुसऱ्यांकडं माप घेताना मिस्त्री ताठ म्हनत न्हायत. म्हनतात, वैनी, दिवसभर काम करून उभ्या ऱ्हाता ना, तशा ऱ्हा. तुमचंबी घर होवो ताई, चांगलं मोठं होवो, तेव्हा तशाच उभ्या ऱ्हा.